शुगर आहे? मग हाडंही सांभाळा, रिपोर्ट नॉर्मल असला तरी

गावात एखादं म्हातारं माणूस न्हाणीत घसरून पडलं, खुबा मोडला, की आपण म्हणतो, ‘वय झालं, हाडं ठिसूळ झाली.’ त्या माणसाला शुगर होती का, हे सहसा कुणी विचारत नाही. पण टाईप-२ मधुमेह असलेल्यांमध्ये खुबा मोडण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

यात एक फसवी गोष्ट आहे. हाडांची घनता मोजायला डेक्सा नावाची तपासणी करतात. तिचा आकडा उणे २.५ किंवा त्याखाली आला तर हाडं ठिसूळ झाली असं धरतात. शुगरच्या पेशंटचा आकडा मात्र पुष्कळदा चांगला येतो. तरीही हाड मोडतं.

असं का? कुडाची भिंत आठवा. आत तुराट्या, वरून मातीचा लेप. हाडातही कॅल्शियम म्हणजे माती आणि कोलॅजन नावाच्या प्रथिनाचं जाळं म्हणजे तुराट्या. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की ती या जाळ्याला चिकटते. जाळं कडक होतं, लवचिकपणा जातो. मशीन माती मोजतं, तुराट्या नाही. शिवाय जुनं हाड झिजून नवं तयार व्हायचं कामही मंदावतं.

त्यात शुगरवाल्यांचं पडणंही जास्त. तळपाय बधिर, नजर अंधुक, रात्री वारंवार लघवीला उठणं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली आणि एकादशी म्हणून जेवण टाळलं, तर शुगर एकदम उतरते, भोवळ येते.

घरच्यांनी एवढं करावं:

• रात्री उशाशी बॅटरी ठेवा. न्हाणीची वाट कोरडी ठेवा. सैल चप्पल नको.

• घाम, थरथर, भोवळ आली तर शुगर तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी परत तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

• उपवास धरायच्या आधी गोळी-इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा.

• पायोग्लिटाझोन या गोळीने बायकांमध्ये हाड मोडण्याचा धोका वाढतो. ती चालू असेल तर डॉक्टरांशी बोला. मनाने बंद करू नका.

• मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत ३०० पेक्षा जास्त असतं. पण नाचणीनेही शुगर वाढते, म्हणून भाकरी बेतानेच. कॅल्शियमच्या गोळ्या विचारूनच घ्या.

• रोज चाला. जमेल तसं खुर्चीवरून हात न टेकता उठबस करा. सुरुवातीला कुणीतरी जवळ राहा. तंबाखू, बिडी सोडा.

उंची कमी झाली, पाठीला बाक आला किंवा साध्या पडण्याने आधी हाड मोडलं असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून गप्प बसू नका. ३० वर्षांवरच्यांची शुगर आरोग्य उपकेंद्रात फुकट तपासतात; आशाताईंना विचारा.

खुबा मोडला की म्हातारं माणूस महिनोन् महिने खाटेवर पडतं, काही जण तर उठतच नाहीत. आज रात्री झोपण्याआधी घरातल्या म्हाताऱ्यांची न्हाणीपर्यंतची वाट एकदा बघून घ्या.