बीथोव्हनची पहिली ‘स्वतःची’ मैफल: २ एप्रिल १८००

बीथोव्हन म्हटलं की आपल्याला आठवतो तो विस्कटलेल्या केसांचा, रागीट, बहिरा म्हातारा. आज जरा मागे जाऊया. वय २९, शहर व्हिएन्ना.

इथं येऊन त्याला सात वर्षं झाली होती. उमरावांच्या दिवाणखान्यात पियानो वाजवून नाव झालं होतं, पण भल्यामोठ्या थिएटरात फक्त स्वतःच्या फायद्यासाठी कार्यक्रम लावणं ही वेगळीच गोष्ट. २ एप्रिल १८०० ला बुर्गथिएटरमध्ये तो जमला. तिकिटं चक्क बीथोव्हनच्या घरीही मिळत होती!

कार्यक्रम केवढा लांबलचक, बघा. आधी मोझार्टची सिम्फनी, मध्ये हायडनच्या ‘क्रिएशन’मधली गाणी. एक दिवंगत उस्ताद, दुसरे त्याचे स्वतःचे गुरुजी, आणि त्या दोघांच्या शेजारी हा पोरगा. त्याचा पियानो कॉन्चेर्टो, सात वाद्यांचं सेप्टेट, मग पियानोवर आयत्या वेळी सुचेल ते. आणि शेवटी पहिली सिम्फनी.

ही सिम्फनी आहे सी मेजरमध्ये, पण पहिलीच कॉर्ड भलतीकडे, एफकडे झुकते. समजा, तंबोरा एका पट्टीत लागलाय आणि गायक पहिला सूर दुसऱ्याच पट्टीकडे नेतोय. संथ सुरुवातभर तो आपल्याला असंच फिरवतो, आणि लय वाढली की कुठे ‘घरी’ आणतो. आज आपल्याला हे गोड वाटतं. तेव्हा ही खोडी होती.

लाइपझिगच्या संगीत-पत्रानं कौतुक केलं, पण फुंकवाद्यं फार झाली, अशी तक्रारही केली. खरे फटके बसले ते ऑर्केस्ट्राला. नेतृत्व कोणी करायचं यावरून भांडण झालेलं, आणि वादकांनी साथ अगदी ढिली केली. (एवढ्या मोठ्या दिवशी! मला तर वाचूनच राग येतो.)

आणखी एक गोष्ट त्या सभागृहात कुणालाच माहीत नसावी. पुढच्या वर्षी, १८०१ मध्ये, त्यानं मित्राला पत्रात लिहिलं की तीन वर्षांपासून कान कमी होत चाललेत, आणि थिएटरात ऑर्केस्ट्राच्या अगदी जवळ बसावं लागतं. म्हणजे या मैफलीच्या वेळी ते सुरू झालेलं होतं.

सेप्टेट पुढे इतकं गाजलं की त्याला स्वतःलाच त्याचा कंटाळा आला. तुम्ही मात्र आधी सिम्फनी लावा. हेडफोन घालून, आणि पहिली दहा सेकंद अजिबात स्किप न करता.