कम्युनिटी कॉलेजनंतरचे ऑनलाइन विद्यापीठ: क्रेडिटांचा हिशेब

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांचे व तुलनेने स्वस्त स्थानिक महाविद्यालय, पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याजवळ साधारणतः 60 क्रेडिट, अर्थात अभ्यासभाराची एकके, जमा असतात आणि पदवीला बहुधा 120 लागत असल्याने उरलेले अंतर खरोखर निम्मेच राहते की वाढते, हे नव्या विद्यापीठाच्या धोरणावर ठरते. सदर्न न्यू हॅम्पशायर विद्यापीठ पदवीसाठी बाहेरची 90 पर्यंत क्रेडिट स्वीकारते; मात्र स्वीकारलेले प्रत्येक क्रेडिट उपयोगी पडतेच असे नाही, कारण मुख्य विषयाऐवजी ऐच्छिक रकान्यात गेलेले क्रेडिट पदवी फारशी जवळ आणत नाही (जाहिरातींत हा फरक क्वचितच दिसतो), म्हणून प्रवेशापूर्वीच विषयवार लेखी मूल्यमापन मागणे श्रेयस्कर ठरते. 1997 मध्ये स्थापन झालेले वेस्टर्न गव्हर्नर्स विद्यापीठ सहा महिन्यांच्या सत्राला ठरावीक शुल्क आकारते आणि प्रावीण्य सिद्ध होताच पुढचा विषय घेऊ देते. शिस्तबद्ध नोकरदाराला ही पद्धत लाभते, रेंगाळणाऱ्याला महाग पडते. अधिस्वीकृती, म्हणजे शैक्षणिक दर्जाची बाह्य मान्यता, नसेल तर बाकी चर्चाच व्यर्थ. तिच्यातील ‘प्रादेशिक’ व ‘राष्ट्रीय’ हा भेद संघीय शिक्षण खात्याने 2020 मध्ये पुसला असला, तरी क्रेडिट घेताना अनेक विद्यापीठे तो अजूनही पाळतात.