सिकोया, काच आणि वणवा

कॅलिफोर्नियातल्या मॅरिपोसा वनात ‘ग्रिझली जायंट’ नावाचा एक सिकोया वृक्ष आहे. वय अंदाजे तीन हजार वर्षं, उंची दोनशे फुटांहून अधिक. कार्लटन वॉटकिन्स या छायाचित्रकाराने १८६१ साली त्याचा फोटो काढला. तो पाहताना नजर आधी बुंध्यावर ठरते, मग चढत चढत शेंड्याशी पोचते. खाली माणसं उभी आहेत हे बरंच नंतर लक्षात येतं.

त्या काळी हे काम अंगमेहनतीचं होतं. वॉटकिन्सच्या कॅमेऱ्यात सुमारे १८ बाय २२ इंचांच्या काचा बसत, कारण जेवढा फोटो हवा तेवढीच काच घ्यावी लागे. काचा, रसायनं, तंबू, सगळं खेचरांच्या पाठीवर. काचेवर कलोडियन या चिकट द्रवाचा थर ओतायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुवायची. थर वाळला की काच वाया. एक्स्पोजरला कित्येक सेकंद लागत. तेवढ्यात वारा सुटला तर पानं पुसट उमटत; बुंधा मात्र सालीच्या एकेका भेगेसकट. माणसांना अंग आवरून उभं राहावं लागे.

३० जून १८६४ रोजी, ऐन अमेरिकन यादवी युद्धात, राष्ट्राध्यक्ष लिंकनने योसेमिटी दरी आणि मॅरिपोसा वन जतनासाठी कॅलिफोर्निया राज्याकडे सोपवणाऱ्या कायद्यावर सही केली. त्यामागे वॉटकिन्सच्या तिथल्या छायाचित्रांचाही वाटा मानला जातो. त्याच्या निगेटिव्ह मात्र सावकारांच्या हाती गेल्या, पुढे त्याची दृष्टी गेली, आणि १९०६च्या भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्कोत भडकलेल्या आगीत त्याचा स्टुडिओ खाक झाला. १९१६ साली तो मनोरुग्णालयात वारला. त्याची ही अखेर वाचताना आजही जीव कळवळतो.

सिकोयाला मात्र आग हवी असते. त्याची साल दोन फुटांपर्यंत जाड होते, म्हणून मोठं झाड साध्या वणव्यातून तगून जातं. कोंबडीच्या अंड्याएवढी त्याची शंकुफळं वर्षानुवर्षं मिटलेली राहतात. वणव्याच्या धगीने ती सुकून उघडतात आणि पाला जळून मोकळ्या झालेल्या मातीत बी पडतं.

प्राचीन जंगलांचे फोटो पाहून ‘इथे काळ थांबला आहे’ असं म्हणण्याची पद्धत आहे. मला ते मुळीच पटत नाही. मॅरिपोसातले एकोणिसाव्या शतकातले फोटो आणि १९७०च्या सुमारास त्याच जागेवरून घेतलेले फोटो शेजारी ठेवावेत. सिकोया जवळपास तसेच दिसतात. पण जुन्या फोटोत त्यांच्याभोवती उजेड आणि मोकळी जमीन आहे, नव्यात फरच्या झाडांची एवढी दाटी की बुंधे झाकलेत. तिथले मूळ रहिवासी मिवोक लोक जंगलात आग लावत, त्यामुळे खालची जमीन मोकळी राही. पुढे सरकारी धोरण आलं ते वणवा दिसला की विझवण्याचं, आणि फर वाढत गेले. रोज त्या वाटेने जाणाऱ्याला अशी हळूहळू वाढणारी दाटी जाणवत नाही. म्हणूनच एकट्या देखण्या फोटोपेक्षा मला जागा आणि तारीख नोंदवून ठेवलेला फोटो मोलाचा वाटतो. वृक्षाचं वय त्याच्या खोडात असतं, आपण केलेले बदल त्याच्या अवतीभवती.

पुढे तिथे नियंत्रित आग लावायला सुरुवात झाली. जुलै २०२२मध्ये ‘वॉशबर्न’ वणवा मॅरिपोसा वनात शिरला, तेव्हा ग्रिझली जायंटभोवती पाण्याचे फवारे लावले होते. पण त्याआधी अनेक वर्षं थोडं थोडं जाळून खालचा पालापाचोळा आणि काटक्या कमी केलेल्या होत्या. वनात पोचल्यावर वणव्याचा जोर ओसरला आणि ते महाकाय वृक्ष वाचले.