खालच्या खोलीची ओल

बालाघाटला आमचं घर उतारावर आहे. रस्त्याच्या बाजूने एकमजली दिसतं, पण खाली अंगणात उघडणारी एक खोली आहे. तिच्या तीन भिंती मातीला टेकलेल्या. निवृत्तीनंतर बाबा तिथे मुलांना गणित शिकवतात. पावसाळ्यात फरशी ओली, सतरंजीला बुरशी, आणि बाबांना दमा. डॉक्टरांनी खोली सोडायला सांगितलं. बाबा म्हणाले, "मग पोरं कुठे बसणार?"

मिस्त्री म्हणाला, जमीन पाणी सोडते. पण ओल दोन वाटांनी येते, म्हणून आधी तपासलं. प्लॅस्टिकचा दीड फुटी चौकोन फरशीवर चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवला. खाली कोरडं, वर थेंब! म्हणजे पाणी हवेतलं होतं. हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर २६ अंशांच्या फरशीवरही दव धरतं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तसंच. थेंब खाली असते तर गोष्ट वेगळी. आणि पाणी झिरपून आत येत असेल तर आधी ते बाहेरच अडवायला हवं. छताच्या पाण्याचा पाइप आम्हीही भिंतीपासून लांब वळवला.

उपाय एकच, फरशी जमिनीच्या गारव्यापासून तोडायची. आपल्या आज्या जेवायला पाट मांडायच्या, त्यातही थोडं हेच होतं. कॅनडात तळघरात थंडीसाठी फोमवर प्लायवूड टाकतात. इथे प्लायवूड म्हणजे वाळवीला पंगतीचं आमंत्रण, त्यामुळे लाकूड पूर्ण टाळलं. जुन्या फरशीवर जाड प्लॅस्टिक, त्यावर ५० मिलिमीटरचे एक्सपीएस फोमचे बोर्ड, सांधे एकाआड एक आणि टेप लावलेले. वर जाळी घालून ५० मिलिमीटर काँक्रीट, मग टाइल्स. भिंतीलगत चारी बाजूंनी फोमची पातळ पट्टी सोडायची, नाहीतर काँक्रीट भिंतीला चिकटून तिचा गारवा ओढतं. मिस्त्रीला सगळ्यात फालतू वाटली ती हीच पट्टी. तिच्यासाठी मी दिवसभर तिथेच उभा राहिलो.

फरशी साडेचार इंच वर आली. दार खालून कापावं लागलं, आणि उंबऱ्याशी पायरी नको म्हणून अंगणाच्या बाजूने उतार केला. अंधारात बाबा अडखळू नयेत.

यंदा जुलैत शिकवणी बंद पडली नाही. सतरंजी कोरडी आहे. भिंतींचा खालचा हातभर भाग मात्र अजून गार लागतो, कपाट तिथून चार बोटं पुढे सरकवलंय. ते काम उन्हाळ्यात.