विश्लेषण : बोटाच्या पेराएवढ्या सैनिकाचा कोट कोणत्या रंगाचा? नेपोलियनच्या फौजा रंगवण्याचा छंद काय आहे?

वॉटर्लूची लढाई १८ जून १८१५ रोजी एका दिवसात संपली. ब्रिटनसह अनेक देशांत ती आजही घरातल्या टेबलावर लढली जाते. त्यासाठी लागणारे बोटाच्या पेराएवढे सैनिक हौशी मंडळी स्वतः रंगवतात आणि कोटाचा लाल नेमका कोणता, यावर तासन् तास वाद घालतात. वरवर हा पोरखेळ वाटेल. पण या रंगांमागे व्यापार, नाकेबंदी आणि विजयाच्या श्रेयाचे राजकारण आहे.

टेबलावरची लढाई म्हणजे काय?

या खेळाचे मूळ लष्करी प्रशिक्षणात आहे. प्रशियाच्या सैन्याने १८२४ मध्ये ‘क्रीगश्पील’ स्वीकारला. त्यात नकाशावर ठोकळे सरकवून अधिकारी डावपेच शिकत. १९१३ मध्ये लेखक एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यातल्या सैनिकांसाठी नियम मांडले. आजचे खेळाडू फासे, मोजपट्टी आणि नियमपुस्तिका घेऊन बसतात. नेपोलियनच्या काळातील सैनिकांसाठी २८ मिलिमीटर हे लोकप्रिय माप आहे. म्हणजे दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्यांपेक्षाही लहान. हे सैनिक प्लास्टिकचे किंवा कथिलाच्या मिश्रधातूचे असतात आणि बहुतेकदा बिनरंगी विकले जातात.

एक सैन्य रंगवायला किती वेळ लागतो?

१८०८ च्या फेररचनेनुसार फ्रेंच पायदळाच्या बटालियनमध्ये कागदोपत्री ८४० जण असत. एका मूर्तीला ३० सैनिक धरले, तर एका बटालियनसाठी २८ मूर्ती लागतात. मूर्तीमागे अर्धा तास म्हटले तरी १४ तास झाले. वॉटर्लूत तिन्ही सैन्ये मिळून सुमारे १ लाख ९० हजार सैनिक होते. त्याच हिशेबाने ६,३०० हून अधिक मूर्ती होतात. रोज दोन तास दिले, तरी चार वर्षांहून जास्त काळ लागेल. म्हणूनच बहुतेक जण एखादी तुकडी किंवा लढाईतला एखादाच प्रसंग निवडतात.

सैनिक रंगवतात कसे?

मूर्ती आधी साबणाच्या पाण्याने धुतात. त्यावर प्रायमरचा हात देतात, मग पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग लावतात. इतक्या लहान मूर्तीवर खऱ्या प्रकाशाची सावली पुरेशी पडत नाही, त्यामुळे सावलीही रंगवावी लागते. कोटाच्या घड्यांत गडद छटा, त्यावर मूळ रंग आणि उंचवट्यांवर फिकट छटा, ही प्रचलित पद्धत आहे. ब्रश किती बारीक आहे, यापेक्षा त्याचे टोक किती नेमके आहे, हे महत्त्वाचे ठरते. एकेक सैनिक पूर्ण करण्याऐवजी आधी सगळ्यांचे कोट, मग सगळ्यांचे पट्टे, असे काम चालते. शेवटी व्हार्निश लावतात, म्हणजे हाताळताना रंग निघत नाही.

लाल आणि निळ्यावरून इतका काथ्याकूट का?

ब्रिटिश शिपायाचा कोट मंजिष्ठेच्या जातीच्या वनस्पतीच्या मुळांपासून रंगवलेला, काहीसा विटकरी असे. अधिकाऱ्याचा कोट कोचिनील किड्यापासून मिळणाऱ्या महागड्या रंगाने लालभडक दिसे. त्यामुळे एकाच पलटणीत दोन लाल रंगवावे लागतात. फ्रेंचांचा निळा नीळेवर अवलंबून होता आणि समुद्रावर ब्रिटिश आरमाराचा पहारा होता. नीळ मिळेनाशी झाल्याने १८०६ मध्ये नेपोलियनने काही पलटणींना पांढरे कोट देण्याचा हुकूम काढला. पुढे तो मागे घेण्यात आला. १८०७ मधील आयलाऊच्या लढाईत पांढऱ्या कोटांवरचे रक्त पाहून नेपोलियन अस्वस्थ झाला, असे सांगितले जाते.

रंगाची गफलत रणांगणावर जिवावर बेतत असे. वॉटर्लूत मदतीला आलेल्या प्रशियन सैनिकांनी नासाऊच्या मित्रसैन्यावरच गोळ्या झाडल्या. त्यांचे गणवेश फ्रेंचांसारखे दिसत होते.

सिबॉर्नच्या सैनिकांचा वाद काय होता?

ब्रिटिश अधिकारी विल्यम सिबॉर्न याला १८३० मध्ये वॉटर्लूची प्रतिकृती बनवण्याचे काम मिळाले. तो आठ महिने रणभूमीवर राहिला आणि हयात अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून त्याने माहिती जमवली. सरकारने मध्येच निधी थांबवला, तरी त्याने हजारो चिमुकल्या सैनिकांची ती प्रतिकृती पूर्ण केली. १८३८ मध्ये ती लंडनमध्ये मांडली गेली. मात्र निर्णायक क्षणी प्रशियन सैन्य किती आणि कुठे होते, हा प्रश्न वेलिंग्टनच्या बाजूला रुचणारा नव्हता. जितके प्रशियन जास्त, तितके ब्रिटिशांचे श्रेय कमी. पुढे सिबॉर्नने बरेच प्रशियन सैनिक प्रतिकृतीतून काढले. घातलेले पैसे त्याला परत मिळाले नाहीत. ती प्रतिकृती आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

महाराष्ट्राशी संबंध कोणता?

वॉटर्लूचा विजेता वेलिंग्टन म्हणजे आर्थर वेलस्ली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे त्याने दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. त्या दिवशी त्याच्या ७४ व्या हायलँडर्स पलटणीचे निम्म्याहून अधिक सैनिक मारले गेले किंवा जखमी झाले. असईच्या सन्मानार्थ या पलटणीला निशाणावर हत्ती मिळाला. पुढे हीच पलटण स्पेनमध्ये नेपोलियनच्या सैन्याशी लढली. त्यामुळे तिचे निशाण रंगवणाऱ्याला आजही त्यावर तांदळाएवढा हत्ती काढावा लागतो. असईला तोफा न सोडता पडलेल्या शिंद्यांच्या गोलंदाजांसाठी मात्र कोणत्याही निशाणावर चिन्ह नाही. टेबलावर त्यांना उभे करायचे, तर कोणाला तरी ते रंगवायला घ्यावे लागतील.