बेण्याला गिऱ्हाईक मोबाइलवर : विचारणारे पुष्कळ, नेणारे किती?



२०२३ च्या पूर्वहंगामातली गोष्ट आहे. निवघा बाजार भागातील आमचे एक सभासद ऊस विकास विभागात आले आणि खुर्चीवर बसण्याआधीच म्हणाले, "साहेब, चार दिवसांत साठ-सत्तर फोन आले. झोप नाही. पण गाडी एक बी लागली नाही."

त्यांच्याकडे को ८६०३२ चा दीड एकराचा बेणेमळा होता. वय दहा महिने, पाण्याखाली नीट ठेवलेला, पोंगे हिरवेगार. आम्ही स्वतः तो पाहिला होता व त्यात नाव ठेवण्यासारखे काही नव्हते. त्यांच्या मुलाने प्लॉटचा एक फोटो काढून शेतकऱ्यांच्या तीन-चार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व फेसबुकवर टाकला आणि खाली लिहिले, 'उत्तम बेणे मिळेल', व फोन नंबर. बस्स, एवढेच.

फोन कोल्हापूरहून आले, सोलापूरहून आले, एक तर थेट मध्य प्रदेशातून आला. प्रत्येकाने तेच विचारले : जात कोणती, वय किती, लागण की खोडवा, भाव काय, गाव कुठे? आमच्या सभासदांनी सकाळी एक भाव सांगितला, दुपारी दुसरा आणि संध्याकाळी, वैतागून, "या तर खरं, मग बघू" असे सांगितले. रात्रीची लाईट असली की ते मोटारीवर आणि फोन घरात चार्जिंगला. कोणाचा नंबर लिहून ठेवला नाही. उमरखेडच्या एका शेतकऱ्याला खरोखरच तीन एकरांचे बेणे पाहिजे होते. त्याने दोन वेळा फोन केला, उचलला नाही, तर त्याने दुसरीकडून घेतले. तो नंबर 'अनोळखी' म्हणून फोनमध्येच राहिला. बेणे तेरा महिन्यांचे झाले, डोळे फुगले, कांड्या टणक झाल्या, आणि शेवटी तो ऊस कारखान्यालाच आला. बेण्याचा भाव आणि गाळपाच्या उसाचा भाव यांतला फरक आम्ही येथे सांगत बसत नाही, सभासदांना तो पाठ आहे.

हे सांगण्याचे कारण असे की आजकाल प्रत्येक गट कार्यालयात हीच चर्चा ऐकू येते. बेणे, रोपे, गूळ, हळदीचे बेणे, केळी, लाल कंधारीची कालवड, सगळे मोबाइलवर विकले जाते म्हणतात. सन २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले आणि इंटरनेट स्वस्त होऊन पाणंदीपर्यंत पोचले, हे खरे. सन २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांना शेतकऱ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवरून फळे-भाजीपाला पोचवला, हेही खरे. पण फोन येणे निराळे आणि माल जाणे निराळे.

ज्यांना जमले त्यांचे

कारंदवाडी (ता. वाळवा, जि. सांगली) येथील श्री. सुरेश कबाडे यांचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. को ८६०३२ या आपल्याच ओळखीच्या जातीतून एकरी १०० टनांपर्यंत उत्पादन काढणारे हे शेतकरी. फेसबुक व व्हॉट्सअ‍ॅपवरून त्यांचा अनुभव हजारो शेतकरी वाचतात आणि त्यांचे बेणे न्यायला परराज्यातूनही लोक येतात. वाळवा तालुक्यातच 'होय आम्ही शेतकरी' हा तरुणांचा गट उभा राहिला व उसाच्या रोगकिडीवर शेतकऱ्यांच्या शंकांना मोबाइलवर उत्तरे देऊ लागला.

आमचे सभासद हे पाहतात आणि म्हणतात, "त्यांनी फोटो टाकला, आपण बी टाकू." पण फोटो सर्वात शेवटी आला, हे लक्षात घ्यावे. आधी बेणे निवडले, ऊतिसंवर्धित रोपांपासून शुद्ध बेणे वाढवले, वर्षानुवर्षे टनेज काढून दाखवले आणि ज्याने शंका काढली त्याला प्लॉटवर बोलावले. फोटो खरा निघतो अशी ख्याती झाली, म्हणून फोटोवर गिऱ्हाईक येते. सन १९३२ पासून पाडेगावचे संशोधन केंद्र व १९७५ पासून मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आपल्याला बेण्याचा हाच धडा देत आली आहे. मोबाइल त्यात नंतर येऊन बसला.

आपल्या माळेगावच्या यात्रेचे पाहा ना. तिथे घोड्याचा फोटो पाहून कोणी पैसे मोजतो काय? दात बघतो, चाल बघतो, शेपटीखाली बघतो, मालकाला आडवेतिडवे प्रश्न विचारतो आणि मग रुमालाखाली बोटे धरतो. बेण्याचेही तसेच. मोबाइलचा उपयोग एवढाच, की यात्रेला यायचे की नाही हे माणूस घरबसल्या ठरवतो.

काणीचा फोटो

आता जी गोष्ट सांगतो ती सांगताना आम्हाला संकोच होतो, कारण तिच्यात आमचाही वाटा आहे. २०२४ च्या सुरू हंगामाआधी आमच्या कार्यक्षेत्रातल्या एका गावच्या सभासदांनी खोडव्यातला ऊस 'बेणे' म्हणून फेसबुकवर टाकला. फोटो बांधावरून काढलेला, ऊस उंच आणि सुंदर. पैनगंगेपलीकडून एक शेतकरी टेम्पो घेऊनच आला. प्लॉटमध्ये पाच-सहा सरी आत शिरला तर शेंड्यातून चाबकासारखा काळा पट्टा निघालेला. एक नाही, बरेच. काणी. पट्ट्यावरचा पांढुरका पापुद्रा फुटून काळी भुकटी वाऱ्यावर उडत होती.

तो बिचारा रिकामा टेम्पो घेऊन परत गेला. भाडे अंगावर. पण जाताना त्याने काणीचा फोटो काढला आणि ज्या ग्रुपवरून त्याला पत्ता मिळाला त्याच ग्रुपवर टाकला, गावाच्या नावासह. पुढे तो फोटो किती ठिकाणी फिरला याचा हिशेब नाही. त्या हंगामात पलीकडच्या तालुक्यातून आमच्या चांगल्या बेणेमळ्यांना सुद्धा एकच उत्तर मिळाले, "हदगावकडचं बेणं नको." ज्यांचा काही दोष नव्हता अशा सात-आठ सभासदांचे बेणे पडून राहिले.

त्या सभासदांना आम्ही बोललो, पण मागाहून विचार केला. तो खोडवा आमच्या नोंदीत होता. चिटबॉयने दोन महिने आधी काणीची नोंद केलेली होती आणि आम्ही तोडणी कार्यक्रमाच्या गडबडीत पाहणीला गेलो नाही. गेलो असतो तर पट्टे फुटायच्या आत पोत्यात धरून काढले असते, बेटे मुळासकट उपटून जाळली असती आणि या प्लॉटचे बेणे करू नका असे लेखी दिले असते. तेव्हा काही दोष आमच्या पदरी घ्यावाच लागतो.

खोडव्याचे बेणे विकू नये, हे आम्ही वर्षानुवर्षे सांगतो. आता त्याला नवीन कारण मिळाले.

तामशाकडची वही

दुसरीकडे तामसा भागात एका सभासदाच्या सूनबाईंनी शेडनेटमध्ये ऊस रोपवाटिका घातली आहे. शिक्षण बारावी. त्या कुठल्या कोर्सला गेल्या नाहीत. आम्ही गेलो तेव्हा कोकोपीट भरलेल्या ट्रे शेजारी एक जाड वही होती. वहीत तारीख, नाव, गाव, किती रोपे, लागण कधी, आणि शेवटच्या रकान्यात 'काय बोललो'. "मामांना सांगितलं, फोन तुम्ही उचलला तरी वहीत लिवायचंच," असे त्या हसत म्हणाल्या. मामा शेजारीच बसले होते, त्यांनी मान डोलावली.

त्यांच्या फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आहे. हे २०१८ साली आपल्याकडे आले आणि त्याला पैसे पडत नाहीत. त्यात जात, रोपांचे वय, भाव, पत्ता असे उत्तर एकदाच लिहून ठेवता येते आणि विचारणाऱ्याला बोट लावले की जाते. ग्राहकांना खुणेच्या पट्ट्या लावता येतात : 'विचारले', 'पाहून गेले', 'इसार दिला', 'नेली'. 'पाहून गेले' पट्टीतल्या लोकांना त्या आठवड्याने स्वतः फोन करतात. "विकायचं म्हणून नाही करत भाऊ, लागणीची तयारी कुठवर आली एवढंच इचारते," असे त्यांचे म्हणणे. नेलेल्यांनाही महिन्याने फोन जातो, रोपे किती जगली म्हणून. आमच्या मते खरा व्यापार याच फोनमध्ये आहे. ज्याची रोपे जगली तो आपल्या गावातले दोघे घेऊन येतो.

आणखी एक गोष्ट त्यांच्याकडून आम्ही शिकलो. एकाच वेळी अनेकांना निरोप पाठवायची जी यादी असते, ती २५६ जणांपर्यंत होते. पण ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला असेल त्यालाच तो निरोप पोचतो. म्हणून त्या प्रत्येकाला बोलणे संपताना सांगतात, "आमचा नंबर रोपवाटिका म्हणून सेव करा." आम्हाला हे ठाऊक नव्हते. आम्ही दोन वर्षे निरोप धाडत होतो आणि निम्म्यांना ते मिळतच नव्हते.

जाहिरात कशी असावी

जाहिरातीत शोभा नको, माहिती पाहिजे. नमुना असा : 'को ८६०३२, लागणीचे बेणे, वय १० महिने, मूळ बेणे अमुक ठिकाणाहून अमुक साली आणलेले, क्षेत्र दीड एकर, सुमारे १२ एकर लागण होईल, तोडणी व भराई आमची किंवा तुमची, भाव अमुक, गाव अमुक, फोन संध्याकाळी ६ ते ९.' एवढे लिहिले की निम्मे रिकामे फोन आपोआप कमी होतात. फोनची वेळ लिहिली तर ती पाळावी.

फोटो तीन तरी असावेत. एक पूर्ण प्लॉटचा, एक आत शिरून सरीतला, आणि एक सोललेल्या कांडीवरच्या डोळ्याचा. रंग भडक करणारी बटणे वापरू नयेत. सातबारा, आधार, पासबुक यांचे फोटो कोणत्याही ग्रुपवर टाकू नयेत.

गिऱ्हाईक कुठले हेही पाहावे. एकराला दोन डोळ्यांची सुमारे १०,००० टिपरी लागतात, म्हणजे अडीच-तीन टन वजन. तोडल्यापासून चोवीस तासांत लागण व्हावी हा आपला नियम. पाचट ठेवून नेले तरी उन्हात डोळे वाळतात. त्यामुळे बेण्याचे खरे गिऱ्हाईक उमरखेड, कळमनुरी, हिमायतनगर, अर्धापूर एवढ्याच टापूत आहे. कोल्हापूरच्या पाचशे लोकांनी अंगठा दाखवला म्हणून हुरळून जाऊ नये. शेजारच्या तालुक्यातल्या दहा गावांच्या ग्रुपवर एक जाहिरात त्यापेक्षा कामाची. रोपांचे मात्र वेगळे. ट्रेमधली महिन्या-सव्वा महिन्याची रोपे दूर जाऊ शकतात.

वेळेचेही गणित आहे. पूर्वहंगामी लागण १५ ऑक्टोबरपासून, सुरू १५ डिसेंबरपासून. विचारणा त्याआधी पंधरा-वीस दिवस सुरू होते. आणि आपल्या भागात ती इसापूरच्या पाण्यावर हलते. धरण भरल्याची बातमी आली, पाळ्या ठरल्या, की दुसऱ्या दिवशी फोन वाढतात, असा आमचा अनुभव आहे. तेव्हा जाहिरात त्याच आठवड्यात ताजी करावी, सहा महिन्यांपूर्वीचा फोटो पुढे ढकलू नये.

पैशाबाबत एक इशारा. मागच्या हंगामात एका सभासदाला फोन आला : मी सैन्यात आहे, सगळे बेणे घेतो, इसार पाठवतो, चौकोनी कोड स्कॅन करून पिन टाका. मुलगा शेजारी होता म्हणून वाचले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. फसगत झालीच तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे, तासाभराचा उशीर सुद्धा महाग पडतो. इसार घेतला असेल तर त्याची पावती, मग ती वहीतल्या पानाची का असेना, द्यावी.

सुरुवातीला सांगितलेल्या निवघ्याच्या सभासदांनी पुढच्या वर्षी पुन्हा बेणेमळा ठेवला. आता फोन मुलीकडे असतो आणि वही ओसरीवर. परवा भेटले तेव्हा विचारले, कसे काय? म्हणाले, "फोन कमीच येऊलालेत साहेब. पण येणारा गाडीचंच इचारूलालाय."

ऊस विकास विभागाने येत्या हंगामापासून बेणेमळ्याची पाहणी करून दाखला देण्याचे ठरवले आहे. दाखल्यावर जात, वय, बेण्याचा मूळ स्रोत, काणी व गवताळ वाढ आहे की नाही, आणि पाहणीची तारीख राहील. तो तीस दिवसांपुरता चालेल. नंतर पुन्हा पाहणी करावी लागेल. जाहिरातीबरोबर तो जोडण्यास आमची हरकत नाही. मात्र पाहणीत एक जरी काणीचे बेट सापडले तरी दाखला मिळणार नाही, मग सभासद कितीही जवळचे असोत. ज्यांना पाहणी करून घ्यावयाची आहे त्यांनी बेणे तोडण्याच्या किमान महिनाभर आधी आपल्या गट कार्यालयात नाव नोंदवावे. मूळ बेणे आणल्याची पावती सोबत आणावी. फोटो मात्र ज्याचा त्याने काढावा.