दोन परीक्षक किती सहमत? योग्य माप कसे निवडाल

समजा, वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत दोन परीक्षकांनी त्याच 100 विद्यार्थ्यांना स्वतंत्रपणे तपासले. 90 जणांना दोघांनीही उत्तीर्ण केले. उरलेल्यांपैकी 5 जणांना फक्त पहिल्याने नापास केले, 5 जणांना फक्त दुसऱ्याने. सहमती 90 टक्के! पण नीट पाहा: नापास कोण, याबाबत दोघांचे एकाही विद्यार्थ्यावर एकमत नाही.

म्हणून कोहेन यांनी 1960 मध्ये मांडलेला कप्पा वापरतात. तो योगायोगाने होणारी सहमती वगळतो. दोघेही 95 टक्के मुलांना उत्तीर्ण करतात, तेव्हा ती 0.95 × 0.95 + 0.05 × 0.05 = 0.905 येते. कप्पा = (0.90 − 0.905) ÷ (1 − 0.905), म्हणजे सुमारे −0.05. मात्र एक बाजू इतकी जड असली की कप्पा एरवीही खाली ओढला जातो. मूळ तक्ता सोबत द्याच.

श्रेणी क्रमवार असतील तर भारित कप्पा घ्या. 'उत्तम'ऐवजी 'बरा' आणि 'उत्तम'ऐवजी 'कमकुवत' हे फरक सारखे नाहीत.

गुण असतील तर नुसता सहसंबंध गुणांक काढू नका. एक परीक्षक प्रत्येकाला नेमके 5 गुण कमी देत असला तरी तो 1 येतो, आणि काठावरचा विद्यार्थी मात्र नापास होतो. आमच्या प्रयोगशाळेतल्या व्हर्नियरची शून्य त्रुटी अशीच असते. इथे आंतरवर्गीय सहसंबंध गुणांक हवा, तोही निरपेक्ष सहमतीचा, सुसंगततेचा नव्हे. जोडीला ब्लँड-ऑल्टमन आलेख काढा: प्रत्येकाच्या दोन गुणांतला फरक त्यांच्या सरासरीसमोर मांडला की ते 5 गुण लगेच दिसतात.